जाळीच्या टोपीतले चार थेंब

माझ्या धाकट्या भावाविषयी कुणी विचारलं की मी आधी त्या बाटलीला शिव्या घालते आणि मग बोलायला लागते. बोटभर उंचीची काळी बाटली, तिच्यावर सोनेरी अक्षरं आणि पाठमोरी उभी असलेली एक बाई. जो लावेल त्याच्याकडे माणसं आपोआप ओढली जातात, असं तिच्यावर छापलं होतं. ओढली जातात म्हणे. ज्यानं हे लिहिलं त्याला पाच मिनिटं माझ्यासमोर उभा करा, बाकी माझं काही मागणं नाही.

भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि चौदाव्या वर्षापासून मधमाश्या पाळतो. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर त्याच्या बावीस पेट्या आहेत. तो मध काढून आणतो, मी घराच्या पुढच्या खोलीत तो गाळते, बरण्या भरते आणि विकते. नवऱ्याचं घर सोडून मी इथे परत आले त्याला वीस वर्षं झाली. का सोडलं ते या गोष्टीत येत नाही, पण माझा स्वभाव कसा आहे याचा अंदाज त्यावरून यायला हरकत नाही. भावाचा स्वभाव नेमका उलटा. त्याच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी आपल्यालाच बोलावं लागतं.

पेट्यांपाशी मात्र तो बघण्यासारखा असतो. कुठलीही पेटी तो एकदम उघडत नाही. आधी बाजूला उकिडवा बसतो, पेटीला कान लावतो आणि बोटाच्या पेरानं हळूच दोनदा टकटक करतो. आतून येणाऱ्या आवाजावरून त्याला कळतं की राणी आहे की नाही, माश्या खूश आहेत की चिडलेल्या. चिडलेल्या असतील तर झाकणाला हात न लावता तो पुढच्या पेटीकडे जातो. मी एकदा विचारलं की त्या एवढ्याशा किड्यांची परवानगी कसली घेतोस. तो म्हणाला, घर त्यांचं आहे.

आता धुराचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माश्या शांत राहाव्यात म्हणून तो पत्र्याच्या डब्यात वाळलेलं गवत आणि गोणपाटाचे तुकडे पेटवून धूर करतो. तीस वर्षं हा धूर त्याच्या केसांत, कपड्यांत, कातडीत मुरलेला आहे. तो गल्लीच्या टोकाला असतानाच मला घरात कळायचं. आणि कळलं की मी ओरडायचे, आधी मागच्या नळावर जा, आंघोळ कर आणि मग घरात पाय टाक. वीस वर्षांत माझा हा नेम चुकला नाही.

त्याला स्थळं यायची तेव्हाची गोष्ट. एका मुलीची मावशी आमच्याकडे बसली होती, हा आत आला आणि तिनं नाकाला रुमाल लावला तो उठेपर्यंत काढला नाही. पुढे काही जमलं नाही. लोक कधीच विसरून गेले असते, पण मी विसरू दिलं नाही. आल्यागेल्याला मी तो प्रसंग रंगवून सांगायचे, रुमाल नाकाला लावून मावशीची नक्कलसुद्धा करायचे. लोक पोट धरून हसायचे. भाऊपण हसायचा, म्हणून मला वाटायचं त्यालाही गंमत वाटते. इतकी मी शहाणी.

मग ती शिवणवाली आली. आमच्या मागच्या रस्त्यावर दोन खोल्या घेऊन तिनं पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तोंडात कायम दोन टाचण्या, त्यामुळे कमी बोलायची आणि जे बोलायची ते सरळ. भावाला माश्यांपासून तोंड वाचवायला जाळीची टोपी लागते. जुनी फाटली म्हणून तो नवी शिवायला टाकून आला. टोपी छान झाली. तरी आठवड्यानं तो ती खांद्यावर उतरत नाही म्हणून परत घेऊन गेला. मग गळ्याशी सैल आहे म्हणून गेला. मग दोरी बदलायला गेला. चौथ्यांदा निघाला तेव्हा मी विचारलं की टोपी शिवतोयस की लग्नाचा कोट. कान लाल करून निघून गेला. त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं, हे मी आजही सांगेन. मी गेल्यावर तो या घरात एकटा बसलेला माझ्या डोळ्यासमोर यायचा, आणि ते चित्र मला कधीच सहन झालेलं नाही.

बाईकडूनही नकार नव्हता. दोरी बदलायला पाच मिनिटं लागतात, ती टोपी दोन दोन दिवस ठेवून घ्यायची. त्याला माश्यांविषयी विचारायची आणि हा मुखदुर्बळ माणूस तिथे तासभर बोलत बसायचा. एक दिवस ती म्हणाली की मला पेटी उघडलेली बघायची आहे. तिनं स्वतःसाठीही एक टोपी शिवली आणि काठाला तारेची कडी बसवायला भावाकडे दिली. येत्या रविवारी जायचं ठरलं.

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. वाट लावली ती चौकातल्या सलूनवाल्यानं.

रविवार तोंडावर आला म्हणून भाऊ केस कापायला गेला. तिथे आरशाखालच्या फळीवर या बाटल्या मांडलेल्या. भावानं नाही म्हटलं असतं, असल्या गोष्टींना तो भुलणारा नाही. पण सलूनवाला पक्का होता. तो म्हणाला, अरे, तुला काय समजवायचं, तू तर हे रोज बघतोस. राणी पेटीतून काढली की काय होतं?

काय होतं ते भावाला पाठ होतं. राणीच्या अंगाला एक वास असतो. आपल्याला तो येत नाही, पण हजारो माश्या त्या वासावर एकत्र राहतात. राणी उचलली की थोड्या वेळात सगळी पेटी सैरभैर होते. इतकंच नाही, मोकळ्या पेटीत नवा थवा बसवायचा असेल तर भाऊ आतल्या फळ्यांना लिंबासारख्या वासाचं तेल चोळून ठेवतो आणि बाहेर फिरणाऱ्या माश्या त्या वासावर चालत येतात. मग माणसात का नसेल, असं सलूनवाला म्हणाला. दुसरा कुणी असता तर हसून उठला असता. माझा भाऊ माश्यांवर विश्वास ठेवून तीस वर्षं जगलेला, तोच नेमका फसला.

बाटली मला शनिवारी न्हाणीघराच्या फळीवर सापडली. बूच काढून हुंगली तर कुबट, गोडसर, बंद कपाटात विसरलेल्या कापडासारखा वास. मी तिथूनच तोंडाचा पट्टा सोडला. हे कुणी तुझ्या गळ्यात मारलं, आणि माश्यांना वास चालत नाही हे मी तुला शिकवायचं का? हे खरंच होतं. टेकडीवर येणाऱ्या माणसानं अत्तर लावायचं नाही, केळं खाऊन यायचं नाही, हा त्याचाच नियम. चिडलेल्या माश्यांचा वास केळ्यासारखा असतो, म्हणून.

त्यानं बाटली माझ्या हातून काढून घेतली आणि मागची ओळ दाखवली. तिथे वासरहित असं छापलेलं होतं. मी म्हटलं, वासरहित नाही, घाण येतेय. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुला सगळ्याचाच वास येतो."

धुरानं त्याचं नाक कधीच मेलेलं, त्याला खरंच काही येत नव्हतं. आणि वासाच्या बाबतीत माझ्या शब्दाला त्या घरात काडीची किंमत उरली नव्हती, कारण वीस वर्षं मी दुसरं काही बोललेच नव्हते. आयुष्यात एकदा खरं सांगायची वेळ आली आणि ते रोजची कटकट म्हणून निघून गेलं. याचा मला अजून राग येतो, आणि तो त्याच्यावर काढता येत नाही म्हणून जास्त येतो.

मला वाटलं अंगाला लावेल आणि सकाळच्या आंघोळीत धुऊन टाकेल. त्यानं अंगाला लावलंच नाही. जसं मोकळ्या पेटीला आतून तेल लावतात तसे त्यानं चार थेंब तिच्या टोपीच्या आत, जाळीला लावले, जिथे तिचा श्वास लागेल तिथे. एवढी वर्षं ज्या पद्धतीनं काम केलं तीच पद्धत. असली चूक फक्त माझा भाऊच करू शकतो.

रविवारी सकाळी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. मी धुराचा डबा घेतला होता. भावानं जुनी, फाटकी टोपीच घातली होती, नवी अजून तिच्याकडेच होती. पेट्यांच्या अलीकडे भावानं तिला टोपी घातली आणि दोरी स्वतः बांधली. ती हसून म्हणाली की आतून कसला तरी वास येतोय, तारेचा असेल. मी चार पावलं मागे होते, वारा दुसऱ्या बाजूचा होता, मला काही आलं नाही. भावानं पेटीला कान लावला, टकटक केली, तिलाही ऐकायला लावलं. आत सगळं शांत होतं. त्यानं झाकण उचललं.

पहिल्या दोन माश्या तिच्या गालासमोर जाळीवर येऊन आपटल्या. मग पाच. मग मोजायला वेळ राहिला नाही. भावाच्या उघड्या हातांना कुणी शिवत नव्हतं, सगळ्या तिच्याच टोपीवर. तो तिला हलू नका म्हणाला आणि ती खरंच हलली नाही, शाबास तिची. पण माश्या जाळीवरून उतरून गळ्याशी शिरल्या. गळ्याशी सैल आहे अशी सबब काढून यानं दुरुस्त करून घेतला होता तो त्याच्या नव्या टोपीचा गळा. तिनं स्वतःच्या टोपीचा गळा घाईत शिवला होता.

मी धूर सोडत तिला झाडीकडे ओढत नेलं. भावानं टोपी उतरवली आणि नखानं एकेक नांगी खरवडून काढली. अकरा निघाल्या. डावा डोळा तोवर बंद झालेला. टोपी माझ्या हातात आली आणि मला तो वास आला, कुबट, गोडसर. मी भावाकडे बघितलं. माझं तोंड बघून त्याला कळलं. आजवर मी त्याचा चेहरा असा झालेला कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तासभर बसवून ठेवलं. मी त्यांना बाजूला घेऊन बाटलीविषयी विचारलं. ते म्हणाले, माश्यांचं मला माहीत नाही, पण माणसाला ओढून आणणारा वास कुणी बाटलीत भरल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. म्हणजे माझ्या भावानं ज्यासाठी हे केलं ते त्या बाटलीत नव्हतंच. जे होतं ते माश्यांना चिडवायला पुरेसं होतं.

सूज उतरायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी भाऊ म्हणाला की तिला सांगून येतो. मी त्याला अडवलं. म्हटलं, माश्या चावतात, त्यात कुणाचा काय दोष, तिला काही संशय आलेला नाही, गप्प बस. हो, असं मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. मग मीही मागे गेले.

ती मशीनवर होती. डोळ्याखाली अजून पिवळं होतं. भावानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बाटली, सलूनवाला, राणीचा वास, मोकळी पेटी, चार थेंब. काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"माश्यांचं मला काही नाही," ती म्हणाली. "मीच बघायला आले होते. पण तुम्ही पेटीवर टकटक करून विचारता. मला विचारायचं तुम्हाला सुचलं नाही?"

भाऊ म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर."

"मी त्या रविवारी तुम्हाला हो म्हणायलाच आले होते. टेकडीवरून उतरताना बोलायचं ठरवलं होतं." तिनं मशीनखालचं कापड सरळ केलं. "पण मी आपणहून यावं हे तुम्हाला नको होतं. तुम्हाला थवा बसवायचा होता. मी काय मोकळी पेटी आहे, की उडती माशी, ते तरी सांगा."

तिनं पुन्हा मशीन सुरू केलं आणि आम्ही बाहेर आलो.

मी घरी गेलेच नाही. तशीच चौकात गेले. सलूनमध्ये एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं, त्याच्यासमोर मी सलूनवाल्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फळीवरच्या साऱ्या बाटल्या मी हातानं एका बाजूला सारल्या. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला की वापरायची पद्धत चुकली, मानेला लावायचं असतं. मी म्हटलं, तुला लाज वाटत नाही का, साध्या माणसाला गाठून असलं काही विकायला.

तो वस्तरा पुसत म्हणाला, "मी कुठे गाठलं? तोच इथे बसून म्हणाला, माझ्या अंगाला वास येतो, बहीण रोज सांगते, यावर काही आहे का तुमच्याकडे."

फेसवाला माणूस आरशातून माझ्याकडे बघत होता. मला बाहेर पडायचा दरवाजा पटकन सापडेना.

दोन दिवस मी पुढच्या खोलीत नुसत्या बरण्या भरत बसले. तिसऱ्या दिवशी मी एकटी तिच्याकडे गेले. ती कुणाचा तरी शर्ट इस्त्री करत होती. मी तिला रुमालवाल्या मावशीची गोष्ट सांगितली, या वेळी नक्कल न करता. नळाचं सांगितलं. म्हटलं, त्याच्या डोक्यात हे मी भरवलं, वीस वर्षं रोज. शिक्षा द्यायची तर मला दे, त्याला सोड.

तिनं इस्त्री उभी केली. खुंटीवर भावाची टोपी लटकत होती, चौथ्या खेपेला दिलेली. "ताई, ती टोपी मी हात न लावता दोन दिवस तशीच ठेवायची," ती म्हणाली. "त्या धुराच्या वासानं वाटायचं घरात कुणीतरी आहे. नवरा गेल्यापासून तसं वाटलं नव्हतं."

मला रडू फुटलं आणि रडताना मला माझाच इतका संताप आला की काय सांगू. मी म्हटलं, मग झालं तर, आता सोडून दे ना हे. ती नाही म्हणाली. आवाज चढवला नाही, टाकूनही बोलली नाही. म्हणाली, तुमचा भाऊ वाईट नाही, पण आता तो चहाचा कप पुढे करेल तेव्हाही मी आधी हुंगून बघेन. असं मला राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पुडकं पाठवलं. भावाची टोपी नीट दोरी बदलून, घडी घालून. आणि खाली, त्या रविवारी तिच्याबरोबर घरी गेलेली तिची स्वतःची टोपी, सगळी शिवण उसवलेली. जाळी वेगळी, कापड वेगळं, तारेची कडी वेगळी. जाळी तिनं धुतलेली होती. भावानं ते तुकडे टेबलावर मांडले, एकदा जुळवून बघितले आणि कपाटात ठेवले. मी बाटली दगडावर फोडायला अंगणात नेली. फोडलीही. त्यानं काही फरक पडला नाही, फक्त अंगणात महिनाभर तो वास राहिला.

भाऊ आता आधीपेक्षा कमी बोलतो. रोज साबण चोळून चोळून आंघोळ करून टेकडीवर जातो आणि धुराचा डबा घरीच ठेवतो. साबणाचा वासही माश्यांना सोसत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. परवा हात सुजवून आला. मी दारातच उभी होते. आधी गल्लीच्या टोकाला असताना कळायचा, आता समोर येईपर्यंत कळला नाही. मी म्हटलं, "आत ये. तसाच ये."

तो उंबऱ्यापाशी थांबला, माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "आलोच, ताई," म्हणाला, आणि मागच्या नळाकडे गेला.